शिष्यवृत्तीसाठी कॉलेज बदलावे काय?



आज खताचा आणि करप्याचा विषय बाजूला ठेवतो. अलीकडे पाड्यावर शेतीशाळा संपून चहा आला की बियाण्याविषयी दोन प्रश्न होतात आणि तिसरा प्रश्न हमखास मुलांच्या शिक्षणाचा निघतो. "साहेब, पोरगा मुंबईच्या कॉलेजात आहे, खर्च काही झेपत नाही. दुसऱ्या कॉलेजात टाकला तर शिष्यवृत्ती जास्त मिळेल काय?" मी पंचायत समितीचा कृषी विस्तार अधिकारी, शिक्षण कृषी पदविकेचे. हा माझा विषय नव्हे. पण गावात जो सरकारी माणूस हाताशी असतो त्यालाच सगळे विचारायचे, मग प्रश्न गुरांच्या लसीचा असो की आधार कार्डाचा. तेव्हा शासन निर्णय वाचून काढले, कॉलेजांच्या कार्यालयांत दोन-चार दुपारी बसलो आणि जे पक्के समजले तेवढेच येथे मांडतो आहे.

उत्तर आधीच सांगतो. नुसते कॉलेज बदलल्याने सरकारी शिष्यवृत्ती वाढत नाही. खर्च मात्र कमी होऊ शकतो, पण तो शिष्यवृत्तीमुळे नव्हे, फीमुळे आणि अंतरामुळे. आणि घाईने बदलले तर आहे ती शिष्यवृत्तीही हातची जाते.

असे का, ते नीट समजून घ्या. भात बोईसरला विका की वाड्याला, सरकारी केंद्रावर हमीभाव एकच असतो. तसेच सरकारी शिष्यवृत्तीचे आहे. ती कॉलेज आपल्या खिशातून देत नाही. मुलाचा प्रवर्ग कोणता, घरचे उत्पन्न किती, अभ्यासक्रम कोणता आणि प्रवेश कोणत्या वाटेने झाला, या चार गोष्टींवर ती ठरते. या चार गोष्टी त्याच राहिल्या तर पालघरच्या कॉलेजातून विरारच्या कॉलेजात जाऊन दर बदलत नाही.

अमेरिकेत वेगळी रीत आहे. तिथली खासगी कॉलेजे फीचा मोठा आकडा छापतात आणि मग पोरागणिक आपल्या तिजोरीतून सूट देतात. त्यामुळे तिथे एका कॉलेजाने कमी सूट दिली तर दुसऱ्याचे दार ठोठावण्यात अर्थ असतो. तरी तिथेही हा सौदा नेहमी फायद्याचा होत नाही. तिथल्या सरकारच्या लेखा तपासणी कार्यालयाने २०१७ साली अहवाल दिला, त्यात २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के शिक्षण-गुण वाया गेल्याचा अंदाज होता. म्हणजे शिकलेले पुन्हा शिकायचे आणि त्याचे पुन्हा पैसे भरायचे. ही अमेरिकेची गोष्ट एवढ्याचसाठी सांगितली की, मे-जून उजाडला की आपल्याकडच्या नाक्यानाक्यावर "५० टक्के स्कॉलरशिप" असे फलक लागू लागले आहेत, ते त्याच रीतीचे आहेत. ती शिष्यवृत्ती सरकारची नाही. ती दुकानदाराने लावलेली सूट आहे. सूट वाईट असते असे नाही, पण मूळ किंमत किती हे विचारल्याशिवाय आपण साधा फवारणी पंपही घेत नाही.

आता सरकारी योजना थोडक्यात पाहू. आपल्या जिल्ह्यात आदिवासी समाज मोठा. अनुसूचित जमातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पालकांची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये. त्यावर उत्पन्न गेले तर निर्वाह भत्ता मिळत नाही, परंतु शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे लोक ज्याला फ्रीशिप म्हणतात ती, मिळते. इतर मागासवर्गातील मुलग्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमात साधारण निम्मी शिक्षण फी. आर्थिकदृष्ट्या मागास घटकांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तीही निम्मी, उत्पन्न मर्यादा आठ लाख. आणि मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातील ज्या मुलींच्या पालकांचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ.

या निर्णयातली एक ओळ मात्र पुष्कळ पालकांच्या नजरेतून सुटते. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, मुलांच्या भाषेत कॅपमधून, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातील आणि संस्थास्तरावरचे प्रवेश यात बसत नाहीत. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही वगळलेली आहेत. एवढी एक ओळ वाचली नाही तर काय होते ते हिशेबाने बघा.

समजा, उमरोळीची एक मुलगी औषधनिर्माणशास्त्राला विनाअनुदानित पण संलग्न कॉलेजात कॅपमधून लागली. शिक्षण शुल्क एक लाख, बाकी विकास शुल्क वगैरे वीस हजार. तिचे लाखभर माफ, घरातून वीस हजार गेले. पहिले वर्ष झाल्यावर कुणी सांगितले की अमुक खासगी विद्यापीठ चाळीस टक्के शिष्यवृत्ती देते आहे, इमारत मोठी आहे, बस गावापर्यंत येते. तिथली फी समजा अडीच लाख. चाळीस टक्के सूट धरून दीड लाख भरायचे. वरवर पाहता एक लाखाची "शिष्यवृत्ती" इथेही आहे आणि तिथेही आहे. पण घरातून जाणारे पैसे वीस हजारांवरून दीड लाखावर गेले. २०२५-२६ च्या खरिपात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे वरचे एक लाख तीस हजार भरायला जवळजवळ पंचावन्न क्विंटल भात दरवर्षी विकावा लागेल. आपल्या खाचरांतून खाऊन-पिऊन किती क्विंटल उरतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझे पहिले सांगणे: शिष्यवृत्तीचा आकडा पाहू नका, घरातून जाणारा आकडा पाहा. आणि तोही एका वर्षाचा नव्हे, पदवी हातात पडेपर्यंतचा.

फलकावरच्या सुटीबद्दल आणखी दोन गोष्टी विचारायच्या. ही सूट पहिल्याच वर्षापुरती आहे की शेवटपर्यंत? आणि एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, तर ती बंद होते काय? तोंडी उत्तर घेऊ नये. संस्थेच्या छापील कागदावर, शिक्क्यानिशी घ्यावे. जो लेखी देत नाही, त्याच्या सुटीचा हिशेब शून्य धरावा. उधारीवर खत देणारा दुकानदारसुद्धा वहीत लिहून ठेवतो, मग लाखांचा व्यवहार तोंडी कसा?

आपल्या भागात सध्या आणखी एक गोष्ट घडते आहे. रेल्वेच्या, महामार्गाच्या, बंदराच्या कामांमुळे काही कुटुंबांच्या हाती जमिनीचा मोबदला आला आहे. रक्कम बँकेत दिसली की कॅपच्या फेऱ्यांची वाट पाहायचा धीर राहत नाही. ओळखीचा कुणीतरी "सीट पक्की करून देतो" म्हणतो आणि व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश होतो. मग वर्षभराने पालक विचारतात, आता कॉलेज बदलून शिष्यवृत्ती लावता येईल काय? प्रवेशाची वाट कोणती होती, हे अर्जासोबतच्या कागदांत दिसते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलल्याने कॅपचा होईल, असे गृहीत धरून पाऊल टाकू नका. जमीन एकदाच विकली जाते. तो पैसा फीत घालायचाच तर निदान योजनेत बसणाऱ्या जागेवर घाला.

आता मुंबईकडे गेलेल्या मुलांचा प्रश्न. हा सर्वांत अवघड आहे आणि यातच बदलाचा खरा फायदा कधी कधी दडलेला असतो.

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात ज्यांना जागा मिळत नाही, अशा आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. जेवण, खोली आणि इतर खर्चासाठी वर्षाला रोख रक्कम बँक खात्यात येते. मुंबई, ठाणे, पुणे अशा मोठ्या शहरांत ६० हजार, त्याखालच्या वर्गातील शहरांत ५१ हजार, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार असे दर आहेत. येथे कॉलेजचे गाव बदलले की रक्कम बदलते, हे खरे. साहजिकच एखाद्याला वाटते, पालघरपेक्षा मुंबईचे कॉलेज बरे, सतरा हजार जास्त मिळतात!

पण समजा मुंबईत खोलीत चौघे राहून, खानावळीचा डबा लावून महिन्याला आठ हजार लागतात. दहा महिन्यांचे ऐंशी हजार. साठ आले, वीस घरून. तोच मुलगा पालघरला राहिला आणि महिना पाच हजारांत भागले, तर दहा महिन्यांचे पन्नास हजार, त्रेचाळीस आले, सात घरून. मदत कमी झाली आणि खर्चही कमी झाला. वर ही रक्कम हप्त्याहप्त्याने येते आणि हप्ता वेळेवर येईलच असे नाही. मधल्या काळात घरमालक थांबत नाही, मुलगा नातेवाइकांकडे उसने मागतो, बाप आवणीच्या तोंडावर सावकाराकडे जातो. मुंबईत हप्त्याचा उशीर जास्त टोचतो, कारण तिथला रोजचा खर्चच मोठा.

आणि मुलगा घरूनच ये-जा करू लागला तर? मग स्वयम् योजनेचा हक्क जातो, कारण ती बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी आहे. कागदावर शिष्यवृत्ती शून्य झाली असे दिसेल. पण खोली नाही, खानावळ नाही. मदत बंद झाली म्हणून काही पालक रडकुंडीला येतात, त्यांनी वहीत एकदा दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावा. अर्थात घरून ये-जा म्हणजे कुठून, हेही पाहायला हवे. बोईसरच्या मुलाला पालघर जवळ आहे. मोखाड्याच्या पाड्यावरच्या मुलाला रोज पालघर गाठायचे म्हणजे अभ्यास एस.टी.तच करावा लागेल. त्याने वसतिगृहाचा अर्ज आधी करावा, स्वयम् नंतर. वसतिगृह मिळाले तर त्याहून स्वस्त काहीच नाही.

प्रवासाचा विषय निघाला तर एक सवलत सांगून ठेवतो, कारण ती कित्येकांना ठाऊकच नसते. रेल्वेत मुलींना पदवीपर्यंत आणि मुलग्यांना बारावीपर्यंत, घर ते शिक्षणसंस्था या अंतराचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत असतो. त्यापुढच्या मुलग्यांना सवलतीचा पास. डहाणू-विरार लोकल २०१३ पासून धावते आहे. त्यामुळे वाणगाव, बोईसर, केळवे रोड, सफाळे इथल्या मुलीला पालघरचे किंवा विरारचे कॉलेज घरून करता येते आणि गाडीभाडे पडत नाही. एस.टी.तही विद्यार्थ्यांना सवलतीचा पास आहे, महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. मुलीचे कॉलेज निवडताना पालक फीचा कागद दहा वेळा वाचतात, पण स्टेशनपासून कॉलेज किती दूर आणि संध्याकाळची गाडी कोणती, हे विचारत नाहीत. माझ्या मते हा कागदही तितकाच महत्त्वाचा. वेळेची गाडी नाही म्हणून दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडलेल्या मुली आपल्याच गावांत आहेत.

कॉलेज बदलण्याने नुकसान कुठे होते, तेही स्पष्ट सांगायला हवे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत पूर्वीपासून अशी अट आलेली आहे की, विद्यार्थ्याने शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय अभ्यासक्रम किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते आणि दिलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. म्हणून आदिवासी विद्यार्थ्याने दाखला काढण्याच्या आधी डहाणू किंवा जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात, आणि इतरांनी आपापल्या विभागाच्या कार्यालयात, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आधी बदल आणि मग परवानगी, हा क्रम उलटा आहे.

दुसरी अडचण दाखल्याची. जुन्या कॉलेजला महाडीबीटीवरून शिक्षण शुल्काचा हप्ता यायचा राहिला असेल तर ते म्हणते, "आधी बाकी भर, मग दाखला." नवे कॉलेज म्हणते, "दाखला आण, मग प्रवेश." मध्ये मुलगा अडकतो. यावर उपाय एकच. बदलाचा विचार मनात आला त्याच दिवशी महाडीबीटीवर आपल्या अर्जाची स्थिती पाहायची, कोणता हप्ता आला आणि कोणता राहिला ते छापून घ्यायचे. बँक खाते आधारशी जोडलेले नाही म्हणून पैसे अडकल्याची उदाहरणेही पुष्कळ असतात. ते काम बँकेत एका फेरीत होते, पण त्यासाठी कुणीतरी सांगावे लागते.

मूळ कागद कॉलेजने ठेवून घेतले, असेही पालक सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट म्हटले आहे की मूळ प्रमाणपत्रे पाहून, तपासून परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. त्याच सूचनेत फी परत करण्याचे टप्पे आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून थोडी कार्यालयीन कपात. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत-बाहेर नव्वद, ऐंशी, मग पन्नास टक्के. आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की काही नाही. २०२४-२५ साठी तर आयोगाने ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण फी परत करायला सांगितले होते. या तारखा दरवर्षी जाहीर होतात, त्या पाहाव्यात. दिवाळीनंतर कॉलेज बदलायचे म्हणजे एका वर्षाची फी दोन ठिकाणी भरायची, हे धरून चाला.

२०२१ पासून श्रेयांक बँक नावाची सोय आली आहे. शिकलेल्या विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात आणि दुसरीकडे नेता येतात. सोय चांगली आहे. पण नव्या कॉलेजात जागा रिकामी हवी, विषय जुळायला हवेत आणि त्यांनी ते श्रेयांक मान्य करायला हवेत. मुंबई विद्यापीठातल्या एका संलग्न कॉलेजातून दुसऱ्यात जाणे त्या मानाने सोपे, स्वायत्त कॉलेजाचा अभ्यासक्रम वेगळा असला की अवघड, आणि विद्यापीठच बदलले तर स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र असा कागदांचा भारा वाढतो. विषय जुळले नाहीत आणि वर्ष गेले तर जे वाचवायला निघालो त्याच्या कितीतरी पट गेले. एक वर्ष म्हणजे एक वर्षाची फीच नव्हे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तो मुलगा एक वर्ष आधी कामाला लागला असता, तो पगारही त्यात धरा.

मग बदलूच नये काय? असे मी म्हणत नाही. तीन प्रसंगी मी स्वतः पालकांना "बदला" असे सांगेन. मुलगा महागड्या विनाअनुदानित ठिकाणी साधी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करतो आहे आणि घराजवळच्या अनुदानित कॉलेजात तोच अभ्यासक्रम आहे, तर पहिले वर्ष पास होऊन उन्हाळ्यात बदलावे. पालघरला दांडेकर कॉलेजासारखे जुने कॉलेज असताना केवळ मुंबईचे नाव हवे म्हणून खोलीभाडे भरण्यात मला तरी हशील दिसत नाही. रसायनशास्त्राचा पदवीधर तारापूरच्या कारखान्यात मुलाखतीला गेला की त्याला प्रयोगशाळेतले काम येते काय हे विचारतात. दुसरा प्रसंग, व्यावसायिक अभ्यासक्रमात कॅपमधूनच प्रवेश आहे पण दोन कॉलेजांच्या फीत मोठा फरक आहे. निम्मी फी माफ असणाऱ्या मुलाला याचा फायदा होतो, कारण उरलेली निम्मी त्याच्या घरून जाते. मंजूर फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजवार ठरवते, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. मात्र ज्याची पूर्ण फी सरकार भरते, त्याला महाग कॉलेजातून स्वस्त कॉलेजात जाऊन फीत काही वाचत नाही, हेही ध्यानात घ्या. तिसरा प्रसंग म्हणजे घरची अडचण. बाप आजारी पडला, शेती बघायला कुणी नाही. तिथे हिशेब वेगळाच असतो.

खरे पाहता, सर्वांत स्वस्त बदल तो, जो वर्ग सुरू होण्याआधी होतो. कॅपच्या फेऱ्या त्यासाठीच आहेत. पहिल्या फेरीत मिळालेली जागा मनासारखी नसेल तर पुढच्या फेरीत त्याहून वरचा पसंतीक्रम मिळू शकतो. त्यात दाखला काढायचा नाही, परवानगी मागायची नाही आणि शिष्यवृत्तीही जात नाही. पण पसंतीक्रम भरतानाच शासकीय आणि अनुदानित कॉलेजे वर, स्टेशनजवळची त्याखाली, असा विचार हवा. आपल्याकडे हा अर्ज मुलगा सायबर कॅफेत एकटा बसून दहा मिनिटांत भरतो आणि बापाला फी भरायच्या दिवशीच कळते. भाताची जात निवडताना आपण शेजाऱ्यापाजाऱ्याला विचारतो, दोन दिवस घेतो. इथे चार वर्षांचा प्रश्न आहे.

आणखी एक वाट आहे, तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करायची आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी पदवीला जायचे. आपल्या जिल्ह्यात विक्रमगडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविकेची वर्षे कमी फीत जातात, पदवीचा प्रवेश पुन्हा केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो, म्हणजे शिष्यवृत्तीची वाट शाबूत राहते. आणि मध्येच घरची अडचण आली तर हातात पदविका असते. इथे संस्था बदलते आणि खर्च खरोखर कमी होतो. मी स्वतः पदविकेवर नोकरीला लागलो, त्यामुळे माझा कल इकडे आहे असे कुणी म्हणेल. म्हणू द्या.

शेतकऱ्यांच्या उपयोगाची एक योजना राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. नोंदणीकृत मजुरांच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिकणाऱ्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी ती आहे. तिला अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो. बदल्यानंतर नव्या ठिकाणी पुन्हा अर्ज करायचा, तेव्हा हा दाखला हाताशी असू द्या.

आता कारभारी मंडळींशी थोडे बोलतो. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले, आमच्या कृषी सहाय्यकांचेही पदनाम बदलले. पाट्या बदलल्या, पण जून-जुलैत दाखल्यांसाठी लागणारी रांग तीच आहे. वर सांगितलेल्या प्रत्येक योजनेला उत्पन्नाचा दाखला लागतो, काहींना नॉन-क्रिमीलेअर, आणि व्यावसायिक प्रवेशाला आदिवासी मुलांना जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेचा अर्ज मुलगा अकरावीत असतानाच गेला पाहिजे. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणारा मुलगा वेळेत वैधता न मिळाल्याने राखीव जागा गमावतो, मग व्यवस्थापन कोट्याचे दार दाखवणारा भेटतो आणि पुढच्या वर्षी तोच बाप मला शेतीशाळेत विचारतो, साहेब, कॉलेज बदलले तर शिष्यवृत्ती मिळेल काय?

माझी सूचना साधी आहे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. बारावीत आणि पदविकेच्या शेवटच्या वर्षात गावची किती मुले आहेत, त्यांतल्या कुणाकडे वैधता नाही, कुणाचे बँक खाते आधारला जोडलेले नाही, याची यादी त्या दिवशी फळ्यावर लागावी. पेसा गावांना पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि शिक्षणाचा खर्च त्यात बसतो. त्यातून गावातल्याच एखाद्या पदवीधर मुलीला मे ते ऑगस्ट या चार महिन्यांपुरते मानधन देऊन, ग्रामपंचायतीच्या संगणकावर सगळ्यांचे कॅपचे आणि महाडीबीटीचे अर्ज भरून घेता येतील. ठराव ग्रामसभेने करायचा आहे. खरीप नियोजनाचा विषय त्या सभेत असतोच, त्यासाठी मी येणारच आहे. बियाण्याची मागणी घेण्याआधी अर्धा तास या यादीला द्यावा, एवढे सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सभेच्या विषयपत्रिकेत आत्ताच लिहून ठेवावे.